मूल अडतं तेव्हा : जपानी आणि अमेरिकन शाळांकडून काय घ्यावं

जपानी शाळांचे व्हिडिओ आपल्याकडे मोठ्या कौतुकाने पुढे पाठवले जातात. फडकी घेऊन ओळीने फरशी पुसणारी मुलं, पांढरी टोपी घालून एकमेकांना जेवण वाढणारी मुलं, पाठीवर दप्तर लावून मोठ्या माणसाशिवाय शाळेत निघालेली सहा-सात वर्षांची पोरं. सोबत मजकूर असतो की तिथे चौथीपर्यंत परीक्षाच नसते आणि शाळेत शिपाईही नसतात. अमेरिकेबद्दलही असाच एक समज पक्का आहे. तिथे अभ्यासाचं ओझं नाही, मुलं मनाला येईल ते शिकतात. पालक म्हणून यातून काही घ्यायचं असेल, तर आधी चित्र दुरुस्त करून घ्यायला हवं. जपानमध्ये पहिलीच्या मुलालाही कांजी अक्षरांच्या छोट्या चाचण्या असतात आणि पाठ संपला की त्यावरची चाचणी असते. शाळेच्या देखभालीला कर्मचारी असतात. अमेरिकेत तर सगळीकडे सारखी अशी शाळाच नाही. सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट, प्रत्येक राज्याचे वेगळे नियम, आणि देशभर लागू होणारा एकच अभ्यासक्रम नाही.

म्हणून दिसणाऱ्या रीती बाजूला ठेवून मी वाचकांना एकच गोष्ट बघायला सुचवते. मूल अडलं, त्याला एखादी गोष्ट येईना झाली, की भोवतालची मोठी माणसं काय करतात? दोन्ही देशांच्या शिक्षणातला खरा फरक इथे दिसतो, आणि आपल्या घरात उपयोगी पडेल असंही इथेच सापडतं.

१९७९ साली जेम्स स्टिगलर हा तरुण अमेरिकन संशोधक जपानमधल्या चौथीच्या वर्गात मागे बसून गणिताचा तास पाहत होता. मुलांना कागदावर घन काढायचा होता. एकाचा घन काही केल्या वाकडाच येत होता. शिक्षकांनी नेमकं त्यालाच फळ्याजवळ बोलावलं. तो काढत राहिला आणि शिक्षक मधूनमधून वर्गाला विचारत राहिले, जमलं का? मुलं नाही म्हणायची, तो पुन्हा काढायचा. पाहणाऱ्या स्टिगलरलाच घाम फुटला. त्याला वाटलं, हे पोर आता रडणार. ते रडलं नाही. तास संपता संपता घन बरोबर आला, वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि मुलगा खुशीत जागेवर जाऊन बसला.

अमेरिकेत फळ्यावर बोलावतात ते बहुधा ज्याला येतं त्याला. आपल्याकडेही तसंच. न येणाऱ्याला पुढे बोलावलं, तर ती शिक्षा असते. जपानच्या त्या वर्गात ती शिक्षा नव्हती, याचं कारण शोधायला हवं. स्टिगलर आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी हॅरॉल्ड स्टीव्हन्सन यांनी पुढे अमेरिकेतलं मिनिआपोलिस, जपानमधलं सेंदाई आणि तैवानमधलं तैपेई या शहरांतल्या मुलांचा, शिक्षकांचा आणि आयांचा अभ्यास केला. १९९२ साली तो ‘द लर्निंग गॅप’ या पुस्तकात आला. मुलाच्या यशापयशाचं कारण सांगताना अमेरिकन आया उपजत बुद्धीला जास्त वजन देत होत्या, जपानी आणि तैवानी आया मेहनतीला. बुद्धी उपजत मानली, की अडणं म्हणजे उणीव उघडी पडणं. मेहनतीवर भिस्त असेल, तर अडणं हा शिकण्याचा नेहमीचा टप्पा ठरतो.

पण निव्वळ समजुतीने एवढं होत नाही. त्या मुलाला लाज वाटू नये यासाठी जपानी प्राथमिक शाळा पहिल्या दिवसापासून खपत असते. वर्गात चार-सहा मुलांचे गट असतात, त्यांना ‘हान’ म्हणतात. रोजचा तास सुरू करणं, बंद करणं, दिवसाचा आढावा घेणं ही कामं ‘निच्चोकू’ म्हणजे त्या दिवशी पाळी असलेली मुलं करतात. पाळी गुणांवर ठरत नाही, सगळ्यांची येते. बुजरं मूल असो की दांडगट, वर्गापुढे उभं राहून सूचना देण्याची वेळ प्रत्येकावर येते आणि वर्ग ऐकतो, कारण उद्या त्याचीही पाळी असते. आपल्याकडे मॉनिटर म्हणजे हुशार मूल, आणि तेच वर्षभर. साफसफाई आणि जेवण वाढणं याच मांडणीचा भाग आहे. या सगळ्याला ‘तोक्कात्सु’ म्हणतात आणि सरकारी अभ्यासक्रमात त्याला गणित-भाषेसारखीच स्वतंत्र जागा आहे. इजिप्तने ही पद्धत जाणीवपूर्वक उचलली, २०१८ पासून तिथे जपानच्या साहाय्याने अशा शाळा चालतात. फरशी चकचकीत करणं हा त्यामागचा मुख्य हेतू नाही. हा वर्ग आपला आहे आणि त्यात आपल्याला जागा आहे, हे मुलाला हातांनी कळावं यासाठी ते आहे. ही जागा पक्की असलेलं मूल फळ्यावर चुकू शकतं.

दुसरं कारण शिकवण्यात आहे. १९९५ साली जपान, जर्मनी आणि अमेरिका या देशांतल्या आठवीच्या गणिताच्या तासांचं चित्रीकरण करून तुलना झाली. स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी ती १९९९ साली ‘द टीचिंग गॅप’मध्ये मांडली. अमेरिकन तासात बहुधा शिक्षक रीत दाखवत आणि मुलं तशीच बरीच गणितं सोडवत. जपानी तासात पुष्कळदा एकच अवघड प्रश्न असे, रीत न सांगता दिलेला. मुलं आधी झगडत, मग तीन-चार वेगळ्या रीती फळ्यावर मांडल्या जात, चुकलेलीही त्यात असे, आणि तास संपेपर्यंत फळा पुसला जात नसे. असा तास बांधणं सोपं नाही. जपानी शिक्षक एकत्र बसून एकेक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे उभं राहून मुलांकडे बघतात आणि नंतर चर्चा करतात. या पाठ-अभ्यासाची परंपरा तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे.

गणिताच्या गुणांतही फरक दिसतो. २०२२च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांचा गणिताचा सरासरी गुणांक जपानमध्ये ५३६ होता, अमेरिकेत ४६५. वाचनात मात्र जपान ५१६ आणि अमेरिका ५०४. म्हणजे एक देश सगळ्याच विषयांत पुढे आणि दुसरा मागे, असं नाही. अंतर विषयाप्रमाणे बदलतं.

जपान याची किंमतही मोजतो, आणि ती सांगितल्याशिवाय कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. सगळ्यांची जागा पक्की करणाऱ्या वर्गात ज्या मुलाला ती जागा मानवत नाही, त्याला पळायला वाट नसते. २०२३च्या शालेय वर्षात प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांतली ३ लाख ४६ हजारांहून जास्त मुलं आजारपणासारखं कारण नसताना ३० किंवा अधिक दिवस शाळेत गेली नाहीत. शाळेतल्या छळाविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला. केस जन्मतः तपकिरी असले तरी काळे रंगवा, असल्या नियमांपैकी काही टोकियोच्या सरकारी हायस्कूलांनी २०२२ साली रद्द केले, यावरून ते तोवर होते हे कळतं. पंधराव्या वर्षी हायस्कूलची प्रवेशपरीक्षा असते आणि त्यासाठी ‘जुकू’, म्हणजे आपल्या भाषेत क्लास. आपण मराठी वाचकांनी जपानी शाळेची ओळख बहुधा ‘तोत्तोचान’ या पुस्तकातून करून घेतली आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी सोसाकू कोबायाशींची तोमोए शाळा आपल्याला जपानचं प्रतीक वाटते. पण तोत्तोचान तिथे पोचली कशी? नेहमीच्या शाळेने तिला काढून टाकलं म्हणून. तोमोए ही एका माणसाने चालवलेली छोटी खासगी शाळा होती. १९४५च्या बॉम्बवर्षावात ती जळाली आणि जपानची रीत कधीच झाली नाही.

तोत्तोचानसारखं मूल आजच्या चांगल्या अमेरिकन शाळेत गेलं असतं तर? तिथे विचारांची सुरुवात एकेका मुलापासून होते. पहिली-दुसरीत वाचनाचे गट मुलाच्या पातळीप्रमाणे असतात. दोन मुलं शेजारी बसून वेगवेगळी पुस्तकं वाचत असतात. बालवाडीपासून घरची एखादी वस्तू आणून वर्गापुढे तिच्याबद्दल बोलायचा पाठ असतो. ‘तुला काय वाटतं आणि का वाटतं’ हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो, की मुलाला स्वतःचं मत असण्याची सवयच लागते. हायस्कूलमध्ये विषय निवडायचे असतात, आणि एकाच मुलाचं गणित वरच्या पातळीचं, इंग्रजी नेहमीचं आणि जोडीला सुतारकाम असं असू शकतं.

या विचाराचं सगळ्यात मोलाचं फळ म्हणजे १९७५चा कायदा. अपंगत्व किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत मोफत आणि त्याला साजेसं शिक्षण मिळालंच पाहिजे, असं त्याने ठरवलं. पुढे १९९० साली त्याला आयडिया हे नाव मिळालं. अशा मुलासाठी शाळा लेखी वैयक्तिक योजना, म्हणजे आयईपी, करते. ती करताना आईवडील बैठकीत सदस्य म्हणून बसतात, त्यांच्या संमतीशिवाय सेवा सुरू होत नाही आणि वर्षातून एकदा तरी योजना तपासावीच लागते. मूल अडलं तर त्याच्यासाठी रस्ता वेगळा आखायचा, आणि तो आखणं हे शाळेवर कायद्याने बंधन. मला अमेरिकेकडून काही घ्यावंसं वाटतं तर पहिल्यांदा हे.

त्याचीही दुसरी बाजू आहे. वेगळे रस्ते आखले, की काही रस्ते खालच्या बाजूला जातात. वाचनाच्या गटांना कितीही गोड नावं दिली, तरी हुशारांचा गट कोणता हे मुलांना फार लवकर कळतं, आणि खालच्या गटातल्या मुलाला वर यायला बरेचदा वर्षं जातात. ‘गणित हा माझा प्रांत नाही’ असं मोकळेपणाने सांगणारी मोठी माणसं अमेरिकेत मुबलक भेटतात. ती चौथीतच तशी ठरलेली असतात. शिवाय शाळांच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, केंद्राचा वाटा साधारण दहाव्या हिश्शाचा. त्यामुळे घर कुठे आहे यावर शाळा ठरते.

दोन्ही देशांनी एकमेकांकडून उचलूनही पाहिलं आहे. जपानची आजची ६-३-३ अशी (सहा वर्षं प्राथमिक, तीन कनिष्ठ माध्यमिक, तीन हायस्कूल) शाळेची रचना महायुद्धानंतर, १९४७ साली अमेरिकन अमलाखाली आली. शतक बदलताना जपानने अमेरिकेसारखा मोकळेपणा आणायचं ठरवलं. २००२ पासून अभ्यासक्रम सुमारे तीस टक्के हलका केला, शनिवारची सुट्टी दिली. २००३च्या पिसामध्ये घसरण दिसल्यावर पालकच घाबरले, क्लासेस फोफावले आणि काही वर्षांत धोरण मागे घेतलं गेलं. अमेरिकेनेही १९९९ नंतर जपानी पाठ-अभ्यास उचलला. पण शिक्षकांना एकत्र बसायला वेळच न दिल्यामुळे तो बहुतेक ठिकाणी कागदावर राहिला. रीत आणली, तिला लागणारी सोय आणली नाही, की असं होतं. आपण घरात काही आणताना हे लक्षात ठेवावं.

आता घरातलं. मूल गणितापाशी अडलंय आणि तुम्ही शेजारी बसला आहात. रीत सांगू नका. ‘आतापर्यंत काय करून पाहिलंस ते मला दाखव’ एवढंच म्हणा आणि थांबा. हे थांबणं अवघड असतं, विशेषतः दिवसभर दमून आल्यावर, म्हणून रोज एकच गणित असं करायचं ठरवा. बाकीची नेहमीसारखी होऊ द्या. उत्तर आलं की दुसऱ्या रीतीने येतं का ते विचारा. वहीत खोडरबर कमी करा. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ आणि खाली नवा प्रयत्न, म्हणजे आपण कुठे फिरलो ते मुलाला दिसतं. आणि शाबासकी देताना ‘हुशार आहेस’ म्हणू नका, काय केलं ते म्हणा : आकृती काढून पाहिलीस म्हणून सुटलं. आपल्या घरांत ‘हा आजोबांवर गेलाय, गणितात पक्का’ आणि ‘हिला गणित जमत नाही, आईसारखी’ ही वाक्यं मुलांसमोर सहज बोलली जातात. ती बंद करा. मुलींच्या बाबतीत तर आजच.

भांडणाचंही तसंच. संशोधक जोसेफ टोबिन यांनी १९८९ साली जपान, चीन आणि अमेरिकेतल्या बालवाड्यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात क्योतोच्या बालवाडीतल्या बाई दोन मुलांची झटापट दिसूनही लगेच मध्ये पडत नाहीत, इतर मुलं काय करतात ते बघत राहतात. अमेरिकन बाई प्रत्येकाला बाजूला घेऊन ‘काय झालं ते शब्दांत सांग’ म्हणतात. घरी दोन्ही हवं. इजा होणार नसेल तर आधी थोडं थांबा, मग प्रत्येकाचं म्हणणं पूर्ण ऐका. आपण बहुधा थांबत नाही आणि ऐकतही नाही, थोरल्याला रागावून मोकळे होतो.

कामाच्या पाळ्या जरूर लावा. पाणी भरणं, ताटं घेणं, केर काढणं. पाळी मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखी आणि मोठ्यांनाही. एक इशारा मात्र आपल्याच मातीतला आहे. शाळेत मुलांकडून सफाई करून घेण्याचा विचार असेल तर आपल्या समाजात झाडू कोणाच्या हाती दिला गेला, हा इतिहास विसरून चालणार नाही. जपानमध्ये सगळी मुलं आणि बहुधा त्यांच्यासोबत शिक्षकही सफाई करतात. आपल्याकडे ठरावीक मुलांना, किंवा उशिरा आल्याची शिक्षा म्हणून सफाई दिली गेली, तर तिचा अर्थ उलटा होतो. शाळा तसं करत असेल तर पालकांनी ते थांबवलं पाहिजे.

अमेरिकेकडून बोलणं घ्या. आठवड्यातून एकदा जेवताना मुलाने एखादी वस्तू, बातमी किंवा खेळ यावर दोन मिनिटं बोलावं आणि घरातल्यांनी फक्त प्रश्न विचारावेत, दुरुस्त्या करू नयेत. डॉक्टरांकडे गेल्यावर कुठे दुखतं ते मुलालाच सांगू द्या. हॉटेलात त्याचं त्याला मागू द्या. निवड द्या, पण दोन-तीन पर्यायांतली. सगळंच मोकळं सोडलं की लहान मूल गोंधळतं.

आणि सगळं करूनही मूल वाचनात, लेखनात सतत मागे पडत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, तोंडी येतं पण लिहिता येत नाही अशी स्थिती असेल, तर ‘मेहनत कमी पडते’ हे जपानी उत्तर त्याला देऊ नका. तिथे अमेरिकन उत्तर बरोबर आहे : तपासणी करा. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणीची सोय आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळ दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. दहावीची वाट पाहू नका. तिसरी-चौथीत तपासलं तर मुलाची कितीतरी वर्षांची मानहानी टळते.

जपान किंवा अमेरिकेत राहायला निघालेल्या मराठी कुटुंबांसाठी थोडं वेगळं. जपानमध्ये सक्तीचं शिक्षण परदेशी मुलांना कायद्याने लागू नाही, पण अर्ज केला तर सरकारी शाळा मोफत घेते. अर्ज तुम्हीच वॉर्ड किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात करायचा. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि इयत्ता जन्मतारखेवरून ठरते. भाषा येत नाही म्हणून खाली बसवण्याची पद्धत सहसा नाही. पहिलीत ८० कांजी असतात आणि सहा वर्षांत १,०२६, त्यामुळे पहिलीत गेलेलं मूल तरून जातं, चौथीत गेलेल्याला फार कष्ट पडतात. दोन-तीन वर्षांसाठी जात असाल तर टोकियोतल्या भारतीय शाळा सोयीच्या. जास्त राहणार असाल तर पहिलीपासून स्थानिक शाळाच बघा, असं माझं मत आहे. एदोगावा वॉर्डातून २०१९ साली नगरसेवक म्हणून निवडून आलेले योगेंद्र पुराणिक पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले, म्हणजे तिथली शाळा आपल्या माणसांना अगदीच परकी उरलेली नाही. शाकाहाराचं मात्र शाळेशी आधी बोला. तिथल्या जेवणातल्या पदार्थांत बहुधा माशाचा अर्क असतो, आणि घरून डबा आणायची परवानगी मागावी लागते.

अमेरिकेत घर भाड्याने घेण्याआधी त्या पत्त्याची शाळा कोणती हे डिस्ट्रिक्टकडून लेखी खात्री करून घ्या, कारण रस्त्याच्या पलीकडे हद्द बदलू शकते. लसीकरणाची कागदपत्रं तारखांसह हवीत. वयाची अट राज्याप्रमाणे बदलते. प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता हे विचारतात, तिथे मराठी लिहायला बिचकू नका. फार तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि गरज असल्यास जादा मदत मिळते. शिक्षकांबरोबरच्या भेटीला जाताना ‘वर्गात कितवा आहे’ विचारू नका, तिथे त्याचं उत्तर मिळत नाही. मूल अडलं की काय करतं, मदत मागतं की गप्प बसतं, ते विचारा. आणि दोन्ही देशांत एक पथ्य पाळा. मुलाची भाषा वर्षभरात तुमच्यापेक्षा बरी होईल, तरी शिक्षकांच्या भेटीत त्यालाच दुभाषा करू नका. कार्यालयाकडे दुभाष्याची आगाऊ मागणी करा. ती सोय पुष्कळ ठिकाणी असते, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.